भाराभर चिंध्या आणि एक बेस

माझ्या बेस गिटारची ए तार चढवायची असेल तर खुंटी उलटी फिरवावी लागते. बाकी तिन्ही तारांना (ई, डी, जी) एक दिशा, हिला दुसरी. कुणी हातात घेतला की मी आधीच सांगून ठेवतो, तरी तो माणूस ए लावायला जातोच, तार उतरत उतरत पार लोंबायला लागते, तो माझ्याकडे बघतो, आणि मग मला सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते की चारातल्या तीन खुंट्या एका सेटच्या आहेत आणि चौथी भलतीकडून आलेली आहे. तर म्हटलं एकदाच लिहून टाकू.

सुरुवात नेकपासून झाली. बँडमधल्या एका मित्राच्या जुन्या बेसची बॉडी ओल लागून फुगली होती, चिकटवलेले जोड सुटायला आले होते, ती फेकूनच द्यायची होती, पण नेक, म्हणजे जिच्यावरून तारा जातात ती लांब मान, ठणठणीत. मेपलचा नेक, वर रोझवुडची पट्टी (तोच फिंगरबोर्ड), तिच्यात आडव्या बसवलेल्या धातूच्या वीस पट्ट्या म्हणजे फ्रेट, आणि नटपाशी, म्हणजे वरच्या टोकाला तारा ज्याच्या खाचांतून जातात तिथे, रुंदी ३८ मिलिमीटर, म्हणजे फेंडर कंपनीच्या जॅझ बेस या मॉडेलच्या मापाची, माझ्यासारख्या आखूड बोटांच्या माणसाला एकदम सोयीची. मी म्हटलं मला दे. तो म्हणाला काय करणारेस याचं, मी म्हटलं बघू. त्या एका ‘बघू’चं पुढे दीड वर्ष झालं.

मग काही महिन्यांनी एक बॉडी मिळाली. फेंडरच्याच प्रिसिजन बेसच्या आकाराची, पण ब्रिजजवळ (बॉडीवर तारांची खालची टोकं जिथे अडकतात तिथे) जॅझच्या पिकअपसाठी (तारेची थरथर विजेत बदलणाऱ्या चुंबकी तुकड्यासाठी) जास्तीचा खड्डा कोरलेला, म्हणजे ज्याला सगळे पीजे म्हणतात तसली. वर काळा रंग, खाली निळा, आणि जिथे टवका उडाला होता तिथे दोन्हीच्या खाली आणखी एक कुठलातरी मळकट पांढरा. प्रिसिजनचा दोन तुकड्यांचा पिकअप एकाने दिला कारण त्याने स्वतःच्या बेसमध्ये भारीतला बसवला होता, जॅझचा एकुलता एक पिकअप दुसऱ्याकडून, ब्रिज तिसऱ्याकडून, पिकगार्ड, म्हणजे बॉडीवर बसणारी पातळ प्लेट, चौथ्याकडून. आई एकदा खोक्यात डोकावली आणि म्हणाली, एक ना धड भाराभर चिंध्या. शीर्षक तिचं आहे.

माझा आत्मविश्वास कुठून आला होता तेही सांगतो. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला तेव्हा नेक बॉडीला चिकटवला नाही, चार स्क्रूंनी आवळला. नेक खराब झाला तर तो काढा, दुसरा लावा, विषय संपला. मुळात हा माणूस रेडिओ दुरुस्त करणारा, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, आणि मला वाटतं म्हणूनच त्याला हे सुचलं असणार, कारण वाजवणारा माणूस वाद्याकडे असं सुट्या भागांचं मशीन म्हणून बघूच शकत नाही. १९६० मध्ये जॅझ बेस आला तोही तसाच, आणि दोन्हींचा स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी, ३४ इंच, दोन्हींच्या नेकची टाच, जी बॉडीच्या खड्ड्यात बसते, अडीच इंच म्हणजे ६३.५ मिलिमीटर रुंद. त्यामुळे जॅझचा नेक प्रिसिजनच्या बॉडीवर बसतो हे जगजाहीर आहे. मीही तेच धरून चाललो होतो. कागदावर बसतोच तो.

माझा नाही बसला. बॉडीवर तीन थर रंग आणि तो नेकच्या खड्ड्याच्या भिंतींवरही चढलेला, त्यामुळे अर्धा मिलिमीटर कमी पडत होता. अर्धा मिलिमीटर म्हणजे काय, असं वाटून मी टाच वरून जोरात दाबली आणि खड्ड्याच्या कोपऱ्यापासून काळ्या रंगाला केसासारखी चीर गेली. ती अजून आहे. मग शहाण्यासारखं लाकडाच्या सपाट ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून फक्त भिंतींवरचा रंग घासला, लाकूड लागलं की थांबायचं, आणि नेकला हात लावायचा नाही. हे महत्त्वाचं, कारण बॉडी जास्त घासली गेली तर निदान फट झाकता येते, नेकची टाच जास्त घासली तर तो नेक पुढच्या प्रत्येक बॉडीत ढिला बसणार. बरोबर बसला की असा बसतो की स्क्रू न लावता बॉडी उचलली तरी नेक सोबत येतो. तो क्षण मला फार आवडला, मी तसाच उचलून घरभर फिरलो.

स्क्रूंची भोकं अर्थातच जुळत नव्हती. नेकला आधीच्या बॉडीची चार, बॉडीला आधीच्या नेकची चार, आणि दोन्हींत दोन-तीन मिलिमीटरचा फरक. असा अर्धवट फरक सगळ्यात वाईट, कारण नवं भोक पाडायला जावं तर ड्रिल घसरून जुन्यातच शिरतं. मग नेकची चारही भोकं कडक लाकडाच्या गोल काड्या सरस लावून ठोकून बुजवली, एक दिवस वाळू दिलं, आणि नव्याने पाडली. इथे जरा हिशोब करावा लागतो. बॉडी साधारण ४४ मिलिमीटर जाड, खड्डा १६ खोल, म्हणजे खाली २८ उरले, मागची लोखंडी प्लेट दोनेक मिलिमीटर, स्क्रू ४५ चा, म्हणजे नेकमध्ये १५ मिलिमीटर शिरणार. टाच पट्टीसकट पंचवीस. म्हणजे दहा मिलिमीटरची मोकळीक, पण ड्रिल हातात थरथरत असताना दहा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, जरा जास्त दाबलं की बिट थेट फिंगरबोर्डातून वर. मी बिटला सोळा मिलिमीटरवर रंगीत टेप गुंडाळली आणि टेप लाकडाला टेकली की थांबलो. आणि स्क्रूला मेणबत्ती घासा, मेपल कडक असतो, कोरडा स्क्रू अर्ध्यात तुटला तर मग बसा रडत.

इतकं करूनही मी एक चूक केलीच. बॉडीतली भोकं स्क्रूच्या जाडीइतकीच होती, त्यामुळे स्क्रूचे आटे बॉडीतही धरत होते आणि नेकमध्येही. वरून बघायला एकदम घट्ट. पण तसं झालं की स्क्रू नेकला खाली ओढतच नाही, दोघांना आहे त्या अंतरावर धरून ठेवतो, आणि मध्ये कागद जाईल एवढी फट राहते. बॉडीतून स्क्रू सरळ आरपार सरकला पाहिजे, त्याने चावायचं ते फक्त नेकमध्ये. हे मला तीनदा आवळून, तीनदा कागद घालून बघितल्यावर कळलं. बॉडीतली भोकं जरा मोठी केली आणि पुढच्याच आवळण्याला नेक कुर्र करून खाली बसला.

ब्रिज कुठे लावायचा हा खरा प्रश्न होता, आणि इथे मी पहिल्यांदा घाई केली नाही. बॉडीवर जुन्या ब्रिजची पाच भोकं होती, माझ्या ब्रिजलाही पाचच, पण एकही जुळत नाही. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजलं, ४३२ च्या आसपास, दुप्पट केलं की ३४ इंच. ब्रिजवरचे चार सॅडल (एकेका तारेखालचे छोटे ठोकळे) पुढे-मागे सरकतात, त्यातला जी तारेचा सॅडल जवळजवळ त्या ३४ इंचावर येतो आणि जाड तारांचे थोडेथोडे मागे जातात, ई तारेचा सगळ्यात मागे. कारण जाड तार फ्रेटवर दाबली की स्वर जरा जास्तच चढतो, ते भरून काढायला तिची लांबी थोडी वाढवून द्यायची. तेव्हा जी चा सॅडल बराचसा पुढे ठेवून, मागे सरकायला जागा ठेवून, मग ब्रिजची जागा ठरवायची. लांबीपुरतं झालं. आडवं कसं ठरवणार? फूटपट्टीने बॉडीचा मध्य काढू नका, कारण बॉडीच्या मध्याचा आणि नेकच्या मध्याचा संबंध असेलच असं नाही, माझ्याकडे तर नव्हताच. ब्रिज टेपने नुसता चिकटवला, शिवणकामाचा जाड दोरा घेतला आणि ई च्या खुंटीपासून ई च्या सॅडलपर्यंत एक, जी च्या खुंटीपासून जी च्या सॅडलपर्यंत एक असे दोन ताणले. मग ब्रिज डावी-उजवीकडे सरकवत राहायचं, दोन्ही दोरे फिंगरबोर्डाच्या दोन्ही कडांपासून सारखे आत आले की पेन्सिलने भोकांच्या खुणा. मी रात्री केलं आणि सकाळी पुन्हा बघितलं. दीड मिलिमीटर चुकलं होतं. तेव्हापासून खुणा रात्री, भोकं सकाळी.

भोकं पाडली, ब्रिज आवळला, मागे उभा राहून कौतुकाने बघत होतो तेव्हा लक्षात आलं की ब्रिजखाली जी वायर यायला हवी, जी आतून येऊन ब्रिजच्या पत्र्याला टेकते आणि सगळ्या तारांना अर्थिंग देते, ती वायर मी घातलीच नाही. बॉडीत तिच्यासाठी आधीपासून बारीक भोक होतं, ते मी ब्रिजने झाकून टाकलं होतं. पाच स्क्रू परत काढले.

खुंट्यांचं थोडक्यात. हेडस्टॉकची, म्हणजे नेकच्या खुंट्यावाल्या टोकाची, भोकं १७ मिलिमीटरच्या वर, खुंट्यांचे बुशिंग (भोकात बसणाऱ्या कड्या) १४ चे, मध्ये रिकामी जागा. त्यासाठी मोठ्या भोकात बसणारे रूपांतराचे बुशिंग मिळतात ते घातले. सेटमध्ये तीनच खुंट्या होत्या, चौथी ड्रमरने आणून दिली, तिचे दाते उलट बाजूला. बदलेन बदलेन म्हणत राहिलो.

आता वायरिंग. यात माझा एक पूर्ण महिना गेला, म्हणून यावर जरा जास्त लिहिणार आहे, कंटाळा आला तर तारांपर्यंत उडी मारा.

तीन पोट (पोटेन्शिओमीटर, नॉब फिरवला की रोध बदलणारे) लागतात, दोन पिकअपचे दोन व्हॉल्यूम आणि एक टोन. सिंगल कॉइलवाल्या, म्हणजे एकेरी गुंडाळीच्या पिकअपच्या, बेसला सहसा २५० के (किलोओहम) चे लावतात. माझ्याकडच्या तिघांपैकी एक ५०० के चा निघाला, आणि उरलेल्या दोघांपैकी एकावर ए लिहिलेलं, एकावर बी. ए म्हणजे कानाला सरळ वाटेल असा चढणारा, बी म्हणजे आकड्याने सरळ चढणारा, आणि बी व्हॉल्यूमला लावला की नॉब खाली आणताना बराच वेळ काही फरक जाणवत नाही आणि शेवटाला आवाज एकदम बसतो. मल्टीमीटर लावला तर २५० लिहिलेला पोट २३१ दाखवत होता, ते चालतं, वीस टक्के इकडेतिकडे धरलेलंच असतं. टोनला कॅपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरडचा, त्याच्या अंगावर ४७३ असं छापलेलं असतं, म्हणजे ४७ वर तीन शून्य इतके पिकोफॅरड. मी आधी ४७३ म्हणजे मॉडेल नंबर समजून तो बाजूला टाकला होता आणि ०४७ लिहिलेला शोधत बसलो होतो.

शिवाय इंच आणि मिलिमीटरचं भांडण इथेही. दोन पोटांचा दांडा ६ मिलिमीटरचा, दातेरी, मधून फाटलेला. तिसऱ्याचा पाव इंची, भरीव. नॉब तीन, त्यातले दोन पाव इंची दांड्याचे आणि एक दातेरीवाला. पिकगार्डची भोकं मोठ्या पोटांच्या मापाची, त्यात बारीक पोट गडगड फिरतो. सगळी बेरीज-वजाबाकी करून शेवटी तीन सारखे पोट नवे आणले. या सगळ्या प्रकरणात तारा सोडून हीच एक गोष्ट नवी आहे आणि मला तिची थोडी लाज वाटते.

सोल्डरिंग करताना पोटाच्या पाठीवर अर्थिंगची वायर बसवणं हे मोठं काम. पाठ जाड पत्र्याची, उष्णता पिऊन टाकते, छोट्या आयर्नने करायला गेलं की पाऊण मिनिट धरून बसावं लागतं आणि तोवर आतला पट्टा भाजून निघतो. मोठं टोक, भरपूर उष्णता, आधी पाठ जराशी घासून घ्यायची, आणि दोन-तीन सेकंदांत काम संपवायचं. खड्ड्यांना आतून तांब्याची चिकटपट्टी लावली, प्रत्येक तुकडा दुसऱ्यावर थोडा चढवून, आणि मल्टीमीटरची एक पिन एका खड्ड्यात, दुसरी दुसऱ्यात ठेवून सगळं एकमेकांना जोडलेलं आहे ना ते बघितलं.

बेस अँपला (अँप्लिफायरला) लावला. प्रिसिजनचा पिकअप एकटा, गोल, भरदार, शांत. शांत असणारच, कारण १९५७ पासून प्रिसिजनचा पिकअप दोन तुकड्यांत असतो, एक ई आणि ए खाली, दुसरा डी आणि जी खाली, दोघांची गुंडाळी एकमेकांच्या उलट आणि चुंबकही उलट, त्यामुळे तारांचा आवाज मिळून येतो आणि भिंतीतल्या विजेची ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण एकमेकांना मारते. जॅझचा पिकअप एकटा, जरा गुणगुणतो पण नाकात बोलल्यासारखा छान कणखर आवाज. मग दोन्ही पूर्ण उघडले.

आणि खर्ज गायब! म्हणजे अक्षरशः गायब. जसं काही कुणीतरी टेलिफोनवरून बेस ऐकवतंय. दोन्ही एकेकटे ठणठणीत, एकत्र आले की दोघांचाही जीव जातो. मी दोन दिवस सोल्डर तपासत बसलो, अँपची वायर बदलली, जॅक बदलला, रात्री अडीच वाजता झोपेतून उठून कॅपॅसिटर काढून बघितला. मग डोक्यात प्रकाश पडला की हे दोन पिकअप वेगवेगळ्या घरचे आहेत, एकाचा सिग्नल जेव्हा वर ढकलतोय तेव्हा दुसऱ्याचा खाली ओढतोय. खालच्या स्वरांची लाट एवढी लांब असते की दोन्ही पिकअपपाशी ती जवळजवळ सारखीच दिसते, त्यामुळे ते पूर्ण एकमेकांना खाऊन टाकतात, आणि वरचे बारीक स्वर दोन जागी वेगवेगळे असल्यामुळे ते तेवढे वाचतात. म्हणून टेलिफोन.

हे आधीच कळू शकलं असतं आणि त्याला दोन मिनिटं लागतात. काट्याचा जुना मल्टीमीटर घ्या, आकड्यांचा नको. पिकअपच्या दोन वायरी त्याला लावा, सगळ्यात लहान रेंज, आणि पिकअपच्या खिळ्यांवर स्क्रूड्रायव्हरचं लोखंड टेकवून पटकन उचला. काटा एका बाजूला झटका देतो. दुसऱ्या पिकअपला त्याच रंगाच्या वायरी त्याच बाजूला लावून तेच करा. झटका त्याच बाजूला आला तर लग्न जमलं, उलट आला तर एकाच्या दोन वायरींची अदलाबदल करायची. गंमत म्हणजे प्रिसिजनच्या दोन्ही तुकड्यांना काटा एकाच बाजूला जातो, कारण चुंबकही उलट आणि गुंडाळीही उलट, उलट्याचं उलट सुलट. माझा जॅझवाला बरोबर विरुद्ध गेला. दोन वायरी सोडल्या, उलट्या जोडल्या, पाच मिनिटांचं काम, आणि खर्ज असा परत आला की खिडकीची काच थरथरली. एक मात्र राहिलं, जॅझचा पिकअप उघडला की गुणगुण येतेच, कारण ती मारायला त्याचा जोडीदार नाही. तांब्याच्या पट्टीने कमी झाली, गेली नाही. मी त्याचा नॉब पूर्ण उघडतच नाही, तीन चतुर्थांश ठेवतो.

तारा. इथे मी पैसे वाचवायला गेलो. दुसऱ्या बेसवरच्या वापरलेल्या फ्लॅटवाउंड तारा होत्या, म्हणजे ज्यांच्यावरची गुंडाळी चपटी, गुळगुळीत असते. मनात बेसवादक जेम्स जेमरसन. त्याच्या १९६२ च्या प्रिसिजनवर फ्लॅटवाउंडच असायच्या, तार तुटेपर्यंत तो बदलत नसे, आणि उजव्या हाताचं एकच बोट वापरून त्याने जे काही करून ठेवलंय ते सगळ्यांना माहीत आहे. म्हटलं जुन्या तारा म्हणजे उलट चांगलंच. पण जुन्या तारा आधीच्या बेसच्या खुंट्यांच्या मापाने कापलेल्या होत्या. डी आणि जी पुरल्या. ई खुंटीपर्यंत पोचली आणि खुंटीला मिळाला अर्धा वेढा. अर्ध्या वेढ्यावर बेसची तार राहत नाही, चारी तारांचा मिळून सत्तर-ऐंशी किलोचा ताण असतो, ती सटकन सुटली आणि माझ्या मनगटाला चाटून गेली. नव्या आणल्या. जाडी ४५ ते १०५, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. जेमरसनला मनोमन नमस्कार केला.

नव्या ई ला नटची खाच अरुंद पडली. तार खाचेत बसायच्या ऐवजी वर टेकून राहत होती. नटच्या खास कानशी येतात, मापामापाच्या, माझ्याकडे नव्हत्या. मी काय केलं, सुटून आलेल्या जुन्या ई चाच तुकडा घेतला आणि करवतीसारखा खाचेत पुढेमागे ओढला. ही युक्ती चालते. फक्त थांबायचं कधी ते कळलं पाहिजे. मला कळलं नाही, खाच खोल गेली, मोकळी ई पहिल्या फ्रेटवर झणझणायला लागली. तानपुऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून माणसं जो झणकार मुद्दाम आणतात, जवारी म्हणून ज्याचं कौतुक करतात, तो मला आयता मिळाला आणि नको होता. मग खाचेत खाण्याच्या सोड्याची चिमूट, वर सुपरग्लूचा एक थेंब, क्षणात दगड, आणि परत हलक्या हाताने खाच. दुसऱ्यांदा जमलं.

शेवटचा अडथळा म्हणजे तारा उंच. ब्रिजचे सॅडल पार तळाला गेले तरी सतराव्या फ्रेटपाशी चार मिलिमीटर, हव्यात दोन-अडीच. आधी नेकचा बाक तपासला. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), जिथे नेक बॉडीला मिळतो तिथे बोटाने दाबायचं, आणि सात-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं, साधारण ०.३ मिलिमीटर. माझ्यात दोन कार्डं आरामात जात होती. ट्रसरॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी सळई) पाव फेरा आवळला, तासभर सोडून दिला, परत पाव फेरा. लाकूड आहे, त्याला ऐकायला वेळ लागतो. बाक नीट झाला तरी उंची थोडीशीच उतरली, म्हणजे दोष कोनाचा. नेक काढला आणि खड्ड्यात ब्रिजच्या बाजूच्या टोकाला पाव मिलिमीटर जाडीची पट्टी ठेवली. पाव मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण नेक त्याने किंचित मागे कलतो, आणि खड्डा जेमतेम साडेसात सेंटिमीटरचा आणि ब्रिज तिथून लांब, त्यामुळे तिथे पोचेपर्यंत त्याचा एक मिलिमीटरच्या वर फरक होतो. एक पट्टी पुरली नाही, दोन लागल्या. आता सॅडल जरा वर, तारा हव्या तिथे. पट्टीने आवाज मरतो असं म्हणणारे भेटतात. माझा तर काही मेला नाही.

आणि मग एकदाचा तो गळ्यात अडकवून उभा राहिलो. हेडस्टॉक जमिनीकडे निघाला. बॉडी हलकी, खुंट्या जड, डावा हात सोडला की नेक सावकाश नमस्कार घालतो. रुंद, आतून खरखरीत चामड्याचा पट्टा घेतला, तो खांद्याला धरून ठेवतो, आता नमस्कार अर्ध्यावर थांबतो.

वाजतो कसा? चांगला वाजतो. मी अजून ऐकत असतो, तेवढं सांगतो. क्वीन बँडच्या ब्रायन मेने वडिलांबरोबर जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून गिटारचा नेक केला आणि ट्रेमोलोला (तारांचा ताण कमी-जास्त करणाऱ्या दांडीला) मोटारसायकलच्या स्प्रिंगा लावल्या, बेसवादक जॅको पास्टोरियसने १९६२ च्या जॅझ बेसचे फ्रेट काढून वर बोटींना मारतात ते इपॉक्सी चढवलं, तेव्हा त्यांच्या हातून जे झालं ते वेगळंच, मी फक्त एवढंच म्हणतोय की त्यांच्याही घरी कुणीतरी खोक्यात डोकावून काहीतरी म्हणालंच असेल.

एक दोष मात्र गेला नाही. जी तारेचा सहावा फ्रेट, सी शार्प. वाजवला की सुरुवात नीट होते आणि मग सूर विहिरीत पडल्यासारखा मरतो. बोल्ट नेकवाल्या बेसना जी वर पाच ते सात फ्रेटच्या मध्ये हे असतंच कुठेतरी, नेक स्वतः त्या स्वराला थरथरतो आणि तारेतली ताकद पिऊन टाकतो. उपाय वाचला होता की हेडस्टॉकला वजन लावा. सुतारकामाचा छोटा क्लँप चिंधी गुंडाळून हेडस्टॉकला आवळला, आणि खरंच, सी शार्प जिवंत झाला, लांबवर वाजत राहिला. मी खूश. मग सी वाजवला. तो मेला. वजन वाढलं की नेकची थरथर खालच्या स्वरावर सरकते, तर मेलेली जागा पण एक फ्रेट खाली सरकली. आमच्या गाण्यांत सी शार्पपेक्षा सी कितीतरी जास्त वेळा लागतो. शिवाय क्लँपने नमस्कार पुन्हा साष्टांग झाला. क्लँप काढला.

आता सी शार्प मी डी तारेवर अकराव्या फ्रेटला घेतो, तिथे तो व्यवस्थित वाजतो. परवा प्रॅक्टिसला माझा बेस नेला नव्हता, दुसऱ्याचा नवाकोरा होता, चारही खुंट्या एकाच दिशेच्या, जी वरचा सहावा फ्रेट खणखणीत. ड्रमरने गाणं संपल्यावर विचारलं, तिथे उगाच हात एवढा वर का नेतोस? मला तेव्हा कळलं की पूर्ण गाणंभर मी सी शार्प अकराव्यावरच घेत होतो. आणि मध्ये एकदा ए जरा उतरल्यासारखी वाटली म्हणून खुंटी फिरवली, तर ती आणखी उतरली.